कॉकपिटमधला इशारा कसा ऐकायचा: रात्रपाळीला नव्याने येणाऱ्यांसाठी

मुंबई विमानतळावर एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) इंजिनिअर म्हणून मला २२ वर्षं झाली, त्यातली निम्मी तरी रात्रपाळीत गेली. दर वर्षी नवी मुलंमुली येतात. लायसन्सचे पेपर सुटलेले असतात, ईकॅम (बिघाड दाखवणारी यंत्रणा), टीकास (हवेतली टक्कर टाळणारी), जीपीडब्ल्यूएस (जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी) यांची लांबलचक नावं तोंडपाठ असतात. आणि पहिल्याच आठवड्यात स्क्रीनवर एक पिवळी ओळ दिसली की हात थेट रीसेटकडे जातो. टेस्ट ओके आली की सही, आणि पुढचं विमान. त्या हाताला थोडा वेळ थांबवता यावं म्हणून हे लिहिते आहे.

मी इशाऱ्याकडे साक्ष म्हणून बघते. कुठल्या तरी यंत्राने काही तरी पाहिलं आणि ते सांगतंय. हवेत वैमानिकाने ती साक्ष आधी मानायची असते, कारण तिथे वेळ सेकंदांत मोजला जातो. विमान जमिनीवर आलं की उलटतपासणी आपण घ्यायची: हे कोण सांगतंय, त्याने कुठून पाहिलं, आणि त्याच वेळी दुसरा काय म्हणत होता?

आधी काळोखाशी ओळख करून घ्या

प्रवासी उतरलेत, मागे सफाईवाले सीटच्या खिशांतून बाटल्या काढताहेत, ग्राऊंड पॉवर लागली आहे. अशा वेळी दहा मिनिटं काढा आणि मागच्या जम्पसीटवर (घडीच्या जादा सीटवर) बसा. ए-३२० च्या डोक्यावरचं पॅनल बघा. विमान उडताना सगळं ठीक असेल तर तिथे जवळजवळ एकही दिवा नसतो. एअरबसने मुद्दामच तसं ठेवलंय, म्हणजे जे पेटेल ते लगेच डोळ्यात भरतं. इंजिनं बंद असताना मात्र काही दिवे लागलेले असणारच. ते नेमके कोणते, हे रोज बघून बघून पाठ झालं पाहिजे. घरातल्या फ्रिजचा आवाज बदलला की आईला स्वयंपाकघरात न जाता कळतं, तसं.

मग लाइट टेस्टचा स्विच टाका. सगळं पॅनल एकदम उजळतं. आता घाई न करता ओळीने बघा, कुठला दिवा लागला नाही ते. गेलेला दिवा आणि शांत असलेला दिवा काळोखात सारखेच दिसतात, आणि गेलेला दिवा कधीच तक्रार करणार नाही.

कान तयार करा

वाचण्याआधी ऐकायला शिका. ए-३२० मध्ये लाल इशाऱ्याला टण-टण-टण असा न थांबणारा ठोका असतो आणि मास्टर वॉर्निंगचा लाल दिवा उघडझाप करतो. पिवळ्याला, म्हणजे आपण ज्याला अंबर म्हणतो त्याला, एकच ठोका आणि स्थिर दिवा. त्याखालची पायरी म्हणजे नुसती पिवळी ओळ, आवाज नाही. ऑटोपायलट सुटला की घोडदळाच्या तुतारीसारखा आवाज येतो. स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या, इशाऱ्याला मॅन्युअलमध्ये नावच रातकिड्याचं आहे. एकदा ऐकलात की का ते कळेल: कोकणातल्या पावसाळी रात्रीसारखी किरकिर, आणि तिच्यावर ‘स्टॉल, स्टॉल’ असा माणसाचा आवाज.

हे आवाज एकमेकांवर पडू नयेत म्हणून त्यांचा मान ठरलेला आहे. आधी स्टॉल, मग विंडशिअर (वाऱ्याचा अचानक बदल), मग जमिनीचा इशारा, मग समोरच्या विमानाचा. आणि काही वेळा यंत्र जाणूनबुजून गप्प बसतं. टेक-ऑफच्या वेळी ८० नॉटपासून १,५०० फुटांपर्यंत बरेचसे इशारे दाबून ठेवलेले असतात. इंजिनाची आग वाजणारच, पण एखादा छोटा पंप बिघडला हे त्या क्षणी वैमानिकाला सांगून उपयोग नसतो. लँडिंगलाही तसंच, साधारण ८०० फुटांपासून खाली. म्हणून ‘१,५०० फुटांवर फॉल्ट आला’ असं क्रूने लिहिलं असेल, तर तो फॉल्ट कदाचित धावपट्टीवरच झालेला असतो, फक्त सांगितला उशिरा. मेंटेनन्सचा रिपोर्ट काढून वेळ जुळवून बघा.

आवाजाबद्दलची एक घटना मी प्रत्येक बॅचला सांगते. १४ ऑगस्ट २००५. हेलिओस कंपनीचं बोइंग ७३७-३०० सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सला निघालं. वर चढताना भोंगा वाजला. त्या काळच्या ७३७ मध्ये एकाच भोंग्याचे दोन अर्थ होते: जमिनीवर वाजला तर टेक-ऑफची मांडणी चुकली आहे, हवेत वाजला तर केबिनमधली हवा विरळ होते आहे. क्रूने त्याचा पहिला अर्थ घेतला. विमान चढत राहिलं, दोघंही बेशुद्ध झाले, ऑटोपायलट विमान अथेन्सपर्यंत घेऊन गेला, आणि इंधन संपल्यावर ते डोंगरात पडलं. १२१ माणसं गेली. नंतर ७३७ मध्ये त्या दोन गोष्टींसाठी वेगवेगळे दिवे आले.

पण मी ती घटना भोंग्यासाठी सांगत नाही. आदल्या रात्रीच्या पाळीनंतर पहाटे त्या विमानाच्या केबिनचा दाब तपासला होता. त्यासाठी प्रेशरायझेशनचा निवडस्विच ऑटोवरून मॅन्युअलवर न्यावा लागतो. तपासणी झाली आणि स्विच तिथेच राहिला. वैमानिकांच्याही चेकलिस्टमधून तो सुटला, एकदा नव्हे अनेकदा, हे खरं. तरीही पहिला हात आपल्या धंद्यातल्या माणसाचा होता. पहाटे चार-साडेचारला डोळे जड झालेले असतात, कोणी तरी खालून ‘झालं का?’ म्हणून ओरडत असतं, तेव्हा हे आठवा.

साक्षीदार कुठे बसलाय ते शोधा

अभ्यास करताना मुलं सिस्टिमप्रमाणे वह्या करतात: एक पान टीकासचं, एक पान जीपीडब्ल्यूएसचं. मी उलटी वही करायला सांगते. पानावर सेन्सरचं नाव लिहा आणि त्याखाली, त्याच्या माहितीवर कोण कोण जेवतं ते लिहा. रेडिओ अल्टिमीटर घ्या. तो पोटाखालून जमिनीवर रेडिओलहर सोडतो आणि ती परत यायला लागलेल्या वेळावरून उंची काढतो, २,५०० फुटांच्या आतली. त्याच्या ताटात कोण कोण बसतं बघा: ‘सिंक रेट’, ‘टू लो गिअर’ असं ओरडणारा जीपीडब्ल्यूएस, उतरताना ‘फिफ्टी, थर्टी, ट्वेंटी, रिटार्ड’ म्हणणारा आवाज, ऑटोलँड, टीकास, आणि मघाशी सांगितलेलं ते गप्प बसणंही.

हा साक्षीदार खोटं बोलला तर काय होतं ते २५ फेब्रुवारी २००९ ला अॅमस्टरडॅमजवळ दिसलं. टर्किश एअरलाइन्सचं ७३७-८०० उतरत होतं. डावा रेडिओ अल्टिमीटर म्हणाला, उंची उणे ८ फूट. विमान तेव्हा जवळजवळ २,००० फुटांवर होतं. इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणाऱ्या ऑटोथ्रॉटलने डाव्यावर विश्वास ठेवला, चाकं टेकायची वेळ झाली असं समजून इंजिनं मागे ओढली. उजवा अल्टिमीटर बरोबर उंची दाखवत होता, पण त्याला कोणी विचारलं नाही. वेग घसरत गेला आणि विमान शेतात पडलं. ९ जण गेले. खाली येताना चाकांचा इशारा आधीच अवेळी वाजला होता, तो त्रास म्हणून सोडून दिला गेला. त्याच विमानात असंच आधीही दोनदा घडल्याचं रेकॉर्डरमध्ये निघालं.

आता माझ्याच पाळीतली एक रात्र. जुलै महिना, अडीच वाजले होते, पाऊस असा की बे वरचे पिवळे पट्टे दिसत नव्हते. एक ए-३२० आलं. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या वहीत, पहिल्या रेडिओ अल्टिमीटरबद्दल (आरए १) एक ओळ: अॅप्रोचला आरए १ फॉल्ट. मी पानं मागे उलटली. नऊ दिवसांत हीच ओळ तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळी वेगवेगळ्या शहरांत, खाली तेच उत्तर: रीसेट केलं, टेस्ट ओके.

कॅप्टन बॅग घेऊन निघाले होते. एरोब्रिजमध्ये गाठून विचारलं, “सर, दोनच मिनिटं. किती उंचीवर गेला? चाकं खाली होती का? दोन्ही बाजूंना सारखंच दिसत होतं?”

ते थांबले, डोळे मिटून आठवलं. “चाकं उतरवल्यानंतर गेला. माझ्याकडचा आकडा उड्या मारत होता, मग गायब. फर्स्ट ऑफिसरकडे व्यवस्थित होता. आणि हो, कॉलआऊट अडखळले आज. पाऊस जोरात होता.”

एवढ्यावर निम्मं काम झालं. ए-३२० मध्ये कॅप्टनच्या स्क्रीनवर पहिल्या अल्टिमीटरचा आकडा असतो, फर्स्ट ऑफिसरच्या स्क्रीनवर दुसऱ्याचा. म्हणजे स्क्रीन, केबिन, सॉफ्टवेअर सगळं बाजूला ठेवून पहिल्याच्या वाटेनेच जायचं: पेटी (अल्टिमीटरचं इलेक्ट्रॉनिक युनिट), केबल, अँटेना. पेटी दोन दिवसांपूर्वीच बदललेली होती. उरली केबल आणि अँटेना. आणि पाऊस.

आमचे टेक्निशियन काका आणि मी मागच्या बाजूला पोटाखाली शिरलो. अँटेना म्हणजे हाताच्या पंजाएवढी चपटी पट्टी, अशा चार असतात, दोन पाठवणाऱ्या आणि दोन ऐकणाऱ्या. पहिल्याच्या ऐकणाऱ्या अँटेनाच्या कडेचं सीलंट एका कोपऱ्यात केसाएवढं फाटलं होतं. टॉर्च तिरपी धरली तेव्हाच दिसलं, सरळ धरल्यावर नाही. स्क्रू सोडले, अँटेना खाली घेतली आणि कनेक्टर फिरवून काढला. त्यातून पाण्याचा एक थेंब माझ्या तळहातावर पडला. आतली पिन हिरवट झाली होती, जुन्या तांब्याच्या घागरीच्या बुडासारखी.

जमिनीवर उभं असताना ते पाणी एका जागी शांत असायचं, म्हणून टेस्ट ओके. हवेत चाकं उतरली, हादरे बसले, वारा बदलला की पाणी पिनेवर यायचं. आधीच्या दोन इंजिनिअरांनी दोन्ही वेळी खरीच टेस्ट केली होती आणि ती खरोखरच पास झाली होती. टेस्ट फक्त वेगळ्या परिस्थितीला उत्तर देत होती.

एक रेडिओ अल्टिमीटर बंद ठेवून एमईएलखाली, म्हणजे काय बिघडलेलं असताना उडता येतं त्या यादीखाली, विमान सोडता आलं असतं, आणि ड्युटी मॅनेजरने तसं सुचवलंही. मी नाही म्हटलं. पहिला कधी खरं बोलेल आणि कधी नाही, हे कळत नसताना ते विमान भर पावसात परत उतरवायला पाठवायला मन धजलं नाही. केबलचा तुकडा आणि अँटेना बदलली, नवं सीलंट लावलं, ते वाळायला वेळ दिला. सकाळच्या फेरीला दुसरं विमान द्यावं लागलं. त्या पावसाळ्यात त्या विमानाच्या टेक लॉगमध्ये ती ओळ पुन्हा आली नाही.

दोघांचं पटत नसेल तर तिसऱ्याला विचारा

१ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं. समुद्रावर उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि सरळ झालं. पण कॅप्टनच्या समोरचं क्षितिज दाखवणारं यंत्र उजवीकडे कललेलंच राहिलं. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र, किनाऱ्याचे दिवे मागे पडलेले. त्यांनी ते कलणं खरं मानून विमान डावीकडे झुकवलं, आणखी झुकवलं. उड्डाणानंतर दोन मिनिटंही झाली नव्हती तेव्हा विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर समुद्रात गेलं. २१३ माणसं होती.

कॅप्टन म्हणाले की माझं इन्स्ट्रुमेंट उलटलंय, को-पायलटही स्वतःच्या यंत्राबद्दल तेच म्हणाले. को-पायलटचं यंत्र मात्र बहुधा खरंच बोलत होतं: विमानच उलटत होतं. तिसरं छोटं क्षितिजयंत्र मध्ये होतंच, आणि फ्लाइट इंजिनिअरने ते लक्षात आणून देण्याचा प्रयत्न केला. वेळ उरला नाही.

वांद्र्याच्या बँडस्टँडवर गेले की मला ती तारीख आठवते. आजच्या विमानात ही तुलना यंत्रच करतं. दोन बाजूंच्या स्क्रीनवर कल पाच अंशांपेक्षा जास्त वेगळा दिसू लागला की दोन्हीकडे ‘चेक अॅटिट्यूड’ असं उमटतं. आता नीट ऐका: हा इशारा कोण चुकलं ते सांगत नाही. दोघांचं पटत नाही, एवढंच सांगतो. तिसऱ्या, स्वतंत्र यंत्राकडे बघून निवाडा करायचा असतो, आणि मग स्विचने चुकलेल्या बाजूला तिसऱ्या युनिटचा आधार द्यायचा असतो. जमिनीवर असा स्नॅग (बिघाडाची नोंद) हातात आला तर ‘कुठली बाजू चुकली?’ हा पहिला प्रश्न नको. ‘तिसरा कोणाशी जुळत होता?’ हे क्रूला विचारा. उत्तर मिळालं तर चुकीची पेटी काढण्याची वेळ येत नाही. मी एकदा चांगली पेटी काढून पाठवली आहे, आणि खराब पेटीने तेच विमान दुसऱ्या दिवशी परत आणलं.

आपण कुठे आहोत, हे विमानाला कसं कळतं

बहुतेकांना वाटतं जीपीएस असल्यावर प्रश्नच नाही. पण ए-३२० सारख्या एअरलायनरच्या पोटात तीन जडत्व-यंत्रं असतात, आम्ही आयआर म्हणतो. त्यांत लेझर फिरवून कोनातला बदल मोजतात. ती उपग्रहाला विचारत नाहीत, रेडिओलाही नाही. निघालेली जागा माहीत असली की प्रत्येक धक्का, प्रत्येक वळण जमा करत करत आता कुठे पोचलो ते सांगतात. एकट्यावर सोडली तर तासाला एखाद-दोन सागरी मैल सरकतात. म्हणून जीपीएस आणि जमिनीवरचे व्हीओआर, डीएमई (दिशा आणि अंतर सांगणारी रेडिओ केंद्रं) त्यांना सतत सावरत असतात.

निघालेली जागा कळायला अलाइनमेंट करावी लागते. साधारण दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ विमान हलता कामा नये. टगवाल्याला (विमान ओढणाऱ्या गाडीवाल्याला) आधीच सांगून ठेवा. या वेळात ते यंत्र पृथ्वीचं फिरणं मोजतं, तासाला १५ अंश. त्यावरून उत्तर दिशा काढतं, आणि आपण किती अक्षांशावर आहोत हेही स्वतःच ओळखतं. रेखांश मात्र त्याला पृथ्वीच्या फिरण्यातून कळू शकत नाही. मुंबई आणि त्याच अक्षांशावरचं दुसरं कुठलंही गाव त्याला सारखंच. म्हणून तुम्ही १९ उत्तरऐवजी २९ टाकलंत तर ते भांडेल. ७२ पूर्वऐवजी दुसरं काही टाकलंत तर तेवढं भांडेलच असं नाही.

मार्च २०१५ मध्ये सिडनीहून निघालेल्या एका ए-३३० मध्ये हेच झालं. रेखांश १५१ अंश ९.८ मिनिटं टाकायचा, टाकला गेला १५ अंश १९.८ मिनिटं. आकडे जवळजवळ तेच, फक्त सरकलेले. विमानाला वाटलं आपण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ आहोत, ११,००० किलोमीटरहून जास्त दूर. हवेत गेल्यावर ते भलत्याच दिशेला वळू लागलं. शेवटी मेलबर्नला उतरवलं.

म्हणून जागा टाकल्यावर नुसता आकडा वाचू नका. नॅव्हिगेशन डिस्प्लेवर नकाशा आणा आणि विमानाचं चिन्ह मुंबईच्या धावपट्टीशेजारीच बसलंय का बघा. तीनही आयआरची जागा एकमेकांशी ताडून बघा. नॅव्हिगेशन डेटाबेसची तारीखही तेव्हाच बघा. तो दर २८ दिवसांनी बदलतो. मी लागले तेव्हा आम्ही तो फ्लॉपीवरून चढवायचो, एक संपली की दुसरी, आणि मध्येच वाचायला नकार दिला की पुन्हा पहिलीपासून. आता काम सोपं झालंय, त्यामुळेच जुनी तारीख नजरेतून सुटते.

जागेची चूक आणि डोंगर यांचं नातं इथून फार लांब नाही. ७ जुलै १९६२ ला, ऐन पावसाळ्यात, बँकॉकहून मुंबईला येणारं अलिटालियाचं डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ जण गेले. क्रूला वाटलं होतं आपण मुंबईच्या जास्त जवळ आलो आहोत, म्हणून त्यांनी लवकर उतरायला सुरुवात केली. विमानात काहीही बिघडलेलं नव्हतं. अशा अपघातांसाठीच डॉन बेटमन नावाच्या इंजिनिअरने जमिनीचा इशारा देणारं यंत्र घडवलं आणि जवळजवळ सगळं आयुष्य त्याच्या सुधारणेत घालवलं. पहिलं यंत्र फक्त खाली बघायचं, समोरच्या कड्याचा त्याला पत्ता नसायचा. १९९० च्या दशकात त्याला साऱ्या पृथ्वीच्या उंचसखलपणाचा नकाशा मिळाला, आणि ते विमानाच्या जागेवरून पुढे बघू लागलं. आज मुंबईला उतरताना डिस्प्लेवर टेरेन लावला की सह्याद्री रंगांच्या ठिपक्यांत दिसतो. विमानाच्या उंचीच्या जवळ येणारा भाग पिवळा, त्याहून उंच लाल. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा बराच वेळ नुसती बघत राहिले.

पण हे पुढचं बघणं जागेवर अवलंबून आहे, आणि जागा बरीचशी जीपीएसवर. २०२३ पासून इराक-इराणच्या पट्ट्यातून येणाऱ्या विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) त्यावर सूचनाही काढली. आखातातून आलेलं विमान असेल तर तीन गोष्टी बघायची सवय लावा: कॉकपिटचं घड्याळ बरोबर आहे का, मेंटेनन्स रिपोर्टमधल्या तारखा खऱ्या वाटतात का, आणि दोन्ही जीपीएस रिसीव्हर आयआरशी जुळतात का. खोट्या सिग्नलने घड्याळही फिरतं, कारण विमान वेळ तिथूनच घेतं. ३५,००० फुटांवर ‘टेरेन, पुल अप’ ऐकलं असं क्रू म्हणाला तर हसू नका आणि पेटीही लगेच बदलू नका. पेटीने तिला मिळालेल्या जागेवरून बरोबर उत्तर दिलेलं असू शकतं.

टीकासबद्दल थोडक्यात

हा आपल्यापेक्षा वैमानिकांचा विषय, पण चाचणी आपण करतो म्हणून. चरखी दादरीजवळ १२ नोव्हेंबर १९९६ ला दोन विमानं हवेत धडकून ३४९ जण गेले आणि त्यानंतर आपल्याकडे टीकास सक्तीचा झाला. तो शेजारच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरशी (विमानाची ओळख आणि उंची रेडिओवर कळवणाऱ्या पेटीशी) स्वतः बोलतो आणि दोघांचं आपसात ठरतं: एकाला वर, दुसऱ्याला खाली. २००२ मध्ये जर्मनीत उबरलिंगेनवर एका वैमानिकाने टीकासचं ‘वर’ सोडून कंट्रोलरचं ‘खाली’ ऐकलं, दुसरा टीकासप्रमाणे खाली जात होता. ७१ जण गेले. तेव्हापासून नियमात संशय उरलेला नाही: टीकास बोलला की कंट्रोलरचं नंतर. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की ट्रान्सपॉन्डरची उंची चुकीची असेल तर शेजारचं विमानही चुकीचा सल्ला घेतं. त्याच्या उंचीची चाचणी करताना आकडा टेस्ट सेटवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, दुसऱ्याने ओरडून सांगितलेला लिहू नका.

टेक लॉग कसा लिहायचा

लॉग इंग्रजीतच लिहायचा असतो, मी इथे मराठीत मांडते. ‘आरए १ फॉल्ट, रीसेट केलं, टेस्ट ओके’ यातून पुढच्या माणसाला काहीच मिळत नाही. हे बघा:

‘धावपट्टी २७, मुसळधार पाऊस. चाकं उतरल्यानंतर सुमारे १,५०० फुटांवर कॅप्टनच्या बाजूचा आरए आकडा अस्थिर, मग नाहीसा. उजवी बाजू व्यवस्थित. कॉलआऊट अडखळले. मागच्या नऊ दिवसांतली तिसरी नोंद. आरए १ च्या रिसीव्ह अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी आणि गंज. अँटेना व केबल बदलली, नवं सीलंट. टेस्ट ओके.’

उंची, हवामान, चाकं-फ्लॅपची स्थिती, कुठली बाजू, आधी किती वेळा. एवढं असलं तर दिल्लीचा किंवा कोचीचा इंजिनिअर मला फोन न करताही पुढे जाऊ शकतो. क्रूने कमी लिहिलं असेल तर फोन करा. झोपेतून उठवावं लागलं तरी बहुतेक जण मनापासून सांगतात.

सही करण्याआधी एकदा परत कॉकपिटात जा. खाली वाट बघणाऱ्यांना पाच मिनिटं थांबू द्या. टॉर्च बंद ठेवा, हात मागे बांधा आणि वरचं पॅनल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने वाचा. तुम्ही हात लावलेला प्रत्येक ब्रेकर, प्रत्येक निवडस्विच मोठ्याने नाव घेऊन बघा: आत, ऑटो, नॉर्मल. मग खाली उतरा आणि सही करा.